ताटातली रिकामी जागा: वनस्पतीआधारित आहार सुरू करणाऱ्यांसाठी

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी ‘सीमारेषेवर’ आलं, किंवा घरात कुणाला हृदयविकार झाला, आणि कुणीतरी सुचवलं की वनस्पतीआधारित आहार सुरू करा. इथपर्यंत बरेच जण पोहोचतात. खरी अडचण पुढे असते, कारण मिळणारे सल्ले एकमेकांना छेद देतात. एक सांगतो तेलाचा थेंबही नको, दुसरा सांगतो रोज मूठभर सुकामेवा खा. एकाला सोयाबीन अमृत वाटतं, दुसऱ्याला विष. मी स्वतः या गोंधळातून गेले आहे आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली: या आहाराचा फायदा तुम्ही काय सोडलं यापेक्षा सोडलेल्याच्या जागी काय ठेवलं यावर जास्त ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

हेही आधीच सांगते की आहाराने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. टाइप २ मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. ‘हे खा आणि प्रत्येक आजार पळवा’ असं कुणी म्हणत असेल तर तिथे थांबू नका.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रं:

- अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड). यातलं काही राहिलं असेल तर आहार बदलण्याआधी करून घ्या. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?
- चालू औषधांची यादी, मात्रा आणि वेळेसह. दुकानातून स्वतःहून आणलेल्या गोळ्या आणि पावडरीही त्यात लिहा.
- कुटुंबातल्या आजारांची नोंद. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल तर ते ठळक लिहा.

साधनं: दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र, कंबर मोजायला टेप, छोटा वजनकाटा, प्रेशर कुकर, झाकणाचे चार-पाच डबे आणि एक वही. ज्यूसर, प्रोटीनची पावडर, ‘सुपरफूड’चे डबे यांची यादी कुणी दिली तर ती बाजूला ठेवा.

१. ‘मी तर शाकाहारीच आहे’ हा भ्रम आधी सोडा

वनस्पतीआधारित आहार म्हणजे ताटाचा बहुतांश भाग भाज्या, फळं, अख्खी धान्यं, कडधान्यं, सुकामेवा आणि तेलबियांचा. त्यात थोडं दूध, अंडं किंवा मासे असू शकतात. व्हीगन आहारात प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसतं. आणि शाकाहार म्हणजे फक्त मांस नाही, एवढंच. मैदा, साखर, तळलेले बटाटे, शीतपेयं हे सगळं शंभर टक्के शाकाहारीच आहे.

हा फरक किती मोठा आहे ते हार्वर्डच्या अंबिका सातिजा आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसतं. दोन लाखांहून अधिक लोकांच्या आहाराची अनेक वर्षांची माहिती त्यांनी तपासली आणि वनस्पतिजन्य आहाराचे दोन भाग केले. एकीकडे अख्खी धान्यं, फळं, भाज्या, कडधान्यं, सुकामेवा. दुसरीकडे पांढरं पीठ, गोड पेयं, बटाटे, मिठाया. पहिल्या प्रकारचा आहार सर्वांत जास्त पाळणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी आढळला. दुसऱ्या प्रकारात तो सुमारे ३२ टक्के जास्त होता. असे निरीक्षणात्मक अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे. दोन्ही गटांतलं अन्न झाडापासूनच आलं होतं.

पूर्ण व्हीगन व्हायचं की नाही हा निर्णय आजच घ्यायची गरज नाही. नैतिक कारणांसाठी घ्यायचा असेल तर अवश्य घ्या, तो वेगळा विषय आहे. आजार टाळण्यासाठी मात्र ताट नव्वद टक्के नीट झालं तरी बहुतेक फायदा मिळतो, असं माझं मत आहे.

२. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांकडे जा

ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि सर्वांत जास्त इजा इथेच होऊ शकते. आहार बदलला की शरीर बदलतं, औषधाची मात्रा मात्र तीच राहते.

- इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या: पिष्टमय पदार्थांचं प्रमाण आणि वजन घटलं की साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं ओळखा. पहिले काही आठवडे घरी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा.
- रक्तदाबाच्या गोळ्या: उठताना चक्कर येऊ लागली तर मोजमापांची नोंद घेऊन डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बंद करू नका.
- वॉर्फरिन (रक्ताच्या गाठी होऊ न देणारं औषध): हिरव्या पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करतं. पालेभाज्या सोडायच्या नसतात, पण त्यांचं रोजचं प्रमाण सारखं हवं. कालपर्यंत शून्य आणि आजपासून वाडगाभर असं केलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बिघडतो.
- मूत्रपिंडाचा आजार: कडधान्यं, फळं, बटाटे, सुकामेवा यांत पोटॅशियम भरपूर असतं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं, आजारी मूत्रपिंडाला ते जड जातं आणि रक्तात साठलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. एसीई इन्हिबिटरसारख्या काही रक्तदाबाच्या औषधांनीही ते वाढतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, त्यामुळे अशा रुग्णांनी तेही विचारल्याशिवाय वापरू नये.
- थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन): सोयाबीन आणि भरपूर तंतुमय अन्न तिचं शोषण कमी करू शकतं, म्हणून ती उपाशीपोटीच घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.
- मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी): ते अनेक वर्षं घेतलं की बी १२ कमी होऊ शकतं. सातव्या पायरीत याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं, वजन आधीच कमी असलेले वृद्ध, आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेले लोक यांनी मोठा बदल आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.

३. काहीही न बदलता आठवडाभराचं खाणं लिहून काढा

वहीत फक्त लिहा: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, आणि भूक होती की कंटाळा. स्वतःला न्यायाधीश बनवू नका. चांगलं दिसावं म्हणून त्या आठवड्यात नीट खाल्लं तर नोंदीला अर्थ उरत नाही.

आठवड्याच्या शेवटी तीन प्रश्न विचारा. कडधान्यं किती वेळा आली? भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किती ग्रॅम झाली? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. आणि गोड पेयं, बिस्किटं, पाकिटातले पदार्थ किती वेळा आले? अनेकांच्या वहीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘दोनदा’ असतं आणि तिसऱ्याचं उत्तर मोजता येत नाही.

४. एका वेळी एकच जागा बदला

सगळं एकाच सोमवारी बदलायला गेलं की पुढच्या सोमवारपर्यंत जुनं ताट परत येतं. दर एक-दोन आठवड्यांनी एकच बदल करा, आणि काढलेल्या वस्तूच्या जागी काय येणार हे आधी ठरवा. मी हा क्रम सुचवते:

- प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, हॅम, बेकन, सलामी) आधी काढा. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली त्याला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज आहे. त्या जागी शिजवलेले हरभरे, टोफू (सोयाबीनचं पनीर) किंवा डाळ येऊ द्या.
- गोड पेयांच्या जागी पाणी, बिनसाखरेचा चहा, अख्खं फळ. फळाचा रस ही अदलाबदल ठरत नाही, कारण रसात तंतू निघून जातात आणि साखर राहते.
- पांढऱ्या पिठाच्या जागी अख्खं धान्य.
- लोणी, साय, खोबरेल आणि पामतेल यांच्या जागी ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल अशी तेलं आणि सुकामेवा. इथे एक नेहमीचा सापळा आहे. खोबरेल तेल झाडाचं म्हणून चांगलं मानलं जातं, पण त्यातला ८० टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त (कोलेस्टेरॉल वाढवणारा) असतो, लोण्यापेक्षाही जास्त.
- तांबडं मांस आठवड्यातून एकदा-दोनदापर्यंत आणा, मग हवं तर बंद करा.

ही अदलाबदल काम का करते हे समजलं तर ती टिकते. संपृक्त मेद जास्त झाला की यकृताच्या पेशींवरचे, रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आत ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी होतात, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. ओट, जव, कडधान्यं, सफरचंद यांतले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना पकडून बाहेर नेतात. नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते रक्तातून उचलतं. म्हणजे लोणी काढून मैदा वाढवला तर पहिलं काम अर्धवट होतं आणि दुसरं होतच नाही.

टोरांटो विद्यापीठाचे डेव्हिड जेन्किन्स यांनी याच तत्त्वावर ‘पोर्टफोलिओ’ आहार मांडला: विरघळणारे तंतू, सोयाबीनची प्रथिनं, बदाम आणि वनस्पतींतली स्टेरॉल्स (कोलेस्टेरॉलचं शोषण अडवणारी द्रव्यं), सगळं एकत्र. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, संशोधकांनी पुरवलेलं अन्न महिनाभर खाल्ल्यावर एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. तुलनेसाठी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची) सौम्य मात्रा घेणाऱ्या गटात ते सुमारे ३१ टक्क्यांनी उतरलं होतं. पण २०११ साली, लोकांनी आपापल्या घरी सल्ल्यानुसार खाल्लं तेव्हा सहा महिन्यांनी घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. मला दुसरा आकडा जास्त उपयोगाचा वाटतो. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात कुणी शास्त्रज्ञ डबा आणून देत नाही.

सुकामेव्याला घाबरणाऱ्यांसाठी एक आधार स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ चाचणीचा आहे. भूमध्यसागरी आहारासोबत भरपूर ऑलिव्ह तेल किंवा रोज सुकामेवा घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. काही केंद्रांवर गट पाडण्यात त्रुटी आढळल्याने २०१३चा मूळ लेख मागे घेतला गेला आणि २०१८ साली नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला. निष्कर्ष साधारण तोच राहिला. रोज ३० ग्रॅम, बिनमिठाचा. डबा मांडीवर घेऊन बसू नका, एवढंच.

५. कडधान्यं शिजवायला आणि पचवायला शिका

सगळ्या पायऱ्यांतून एकच पाळणार असाल तर ही पाळा. मांसाच्या जागी बसू शकेल असं पोटभर अन्न म्हणजे कडधान्यं. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरीत सुमारे ९ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम तंतू असतात, आणि मांसात तर तंतू नसतातच. रक्तातली साखर ती हळू वाढवतात.

तंतूंबद्दल न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मोठा आढावा घेतला. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू खाणाऱ्यांत, अगदी कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकार, टाइप २ मधुमेह, आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. एक मोठी वाटी कडधान्यं, दोन फळं, दोन वाट्या भाज्या आणि दोन्ही जेवणांत अख्खं धान्य, एवढ्यात तुम्ही तिथे पोहोचता.

आता व्यवहारातल्या गोष्टी.

भिजवा. आठ ते बारा तास भिजवून ते पाणी टाकून दिलं की वायू करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात निघून जातात, आणि लोह-जस्त अडवून धरणारे फायटेटही कमी होतात. मोड आणले तर आणखी बरं. मसूर आणि सोललेल्या मुगाला भिजवण्याची फारशी गरज नसते, म्हणून नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

राजम्याबाबत मात्र हयगय नको. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं आणि मूठभर दाण्यांनीही काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवा, पाणी टाका, ताज्या पाण्यात खळखळ उकळा आणि पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो थेट टाकणं धोक्याचं, कारण तिथलं तापमान विष नष्ट होण्याइतकं चढत नाही. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजला तर काळजी नाही.

पोट फुगेल. पहिले दोन-तीन आठवडे हे होतंच, आणि बरेच लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून इथेच सोडतात. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना नवीन खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. दिवसाला दोन-तीन चमच्यांपासून सुरू करा, दर आठवड्याला वाढवा, पाणी जास्त प्या, नीट चावा. हेच जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं बनवतात, जी आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहेत. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (पोट वारंवार दुखून शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा विकार) असेल तर मात्र केवळ सवयीवर विसंबू नका, आहारतज्ज्ञाला गाठा.

सुटीच्या दिवशी दोन-तीन प्रकारची शिजवून डब्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये टाका. थकून आल्यावर डबा तयार असला तर ताट नीट होतं, नसला तर बिस्किटं. डबाबंद कडधान्यंही चालतात. चाळणीत ओतून धुतली की मीठ बरंच कमी होतं.

६. ताटाची मांडणी

अर्धं ताट भाज्या आणि फळं, पाव भाग अख्खं धान्य, पाव भाग कडधान्यं किंवा टोफू. वरून सुकामेवा किंवा बिया. कॅलरी मोजत बसण्यापेक्षा ताटाकडे एक नजर टाकणं सोपं आणि टिकणारं आहे. भाज्यांचे रंग बदलत ठेवा.

७. बी १२: यावर वाद घालू नका

बी १२ जीवनसत्त्व जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत ते प्राणिजन्य अन्नातून पोहोचतं. कोणत्याही भाजीत, फळात, धान्यात ते भरवशाच्या प्रमाणात नसतं. स्पिरुलिना आणि काही सागरी शेवाळांच्या पाकिटांवर बी १२ लिहिलेलं असतं, पण त्यातला बराच भाग मानवी शरीराला वापरता न येणाऱ्या रूपातला असतो. आंबवलेले पदार्थही पुरे पडत नाहीत.

फसवणूक वेळेमुळे होते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे सुरुवातीला सगळं छान चालतं आणि माणूस म्हणतो, ‘बघा, मला काहीच लागत नाही.’ मग हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, तोल जाणं, थकवा. मज्जातंतूंचं नुकसान जास्त काळ राहिलं तर ते कायमचं होऊ शकतं. आणखी एक गोम अशी की पालेभाज्या-कडधान्यांतलं फोलेट (बी गटातलंच एक जीवनसत्त्व) भरपूर मिळाल्यामुळे रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि सीबीसी ठीक दिसतो.

पूर्ण व्हीगन असाल तर ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचा सल्ला सोपा आहे: रोज निदान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. प्रौढांची रोजची गरज अवघी २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असताना एवढी मोठी मात्रा का? कारण आतडं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या वाटेने शोषतं. त्यापुढच्या मात्रेतला सुमारे एक टक्काच आत जातो. दूध-अंडी थोडीच घेणारे, साठीच्या पुढचे आणि मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे यांनीही तपासणी करून घ्यावी. रक्तात आधीच कमतरता असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील, वरचे आकडे कमतरता भरून काढण्यासाठी नाहीत.

८. लोह, कॅल्शियम, आयोडीन, ओमेगा-३

लोह वनस्पतींत असतं, पण ते शोषायला अवघड रूपात. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं, म्हणजे लिंबू, टोमॅटो, सिमला मिरची, संत्रं, तर शोषण लक्षणीय वाढतं. चहा-कॉफी उलट काम करते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी फेरिटिनवर लक्ष ठेवावं. पण कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाच्या गोळ्या घेऊ नका, जादा लोह अपायकारक असतं.

कॅल्शियमच्या बाबतीत पालक फसवा आहे. त्यात कॅल्शियम भरपूर, पण त्याला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के शोषलं जातं; ब्रोकोली, केल, कोबी यांतलं निम्म्याच्या आसपास. कॅल्शियम क्षाराने गोठवलेला टोफू आणि कॅल्शियम घातलेलं सोया दूध हे भरवशाचे पर्याय. बाटली हलवून ओता, कॅल्शियम तळाशी बसतं. हा मुद्दा हलका नाही: ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात २०२० साली व्हीगन गटात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका मांसाहारींच्या दुपटीहून अधिक दिसला. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भागच समजावता आला. ड जीवनसत्त्व आणि वजन पेलणारा व्यायामही म्हणूनच हवा.

आयोडीन: दूध आणि मासे बंद केले तर आयोडीनयुक्त मीठ वापरा. महागडं गुलाबी किंवा सागरी मीठ बहुधा आयोडीनयुक्त नसतं.

ओमेगा-३साठी रोज एक मोठा चमचा दळलेलं जवस किंवा थोडे अक्रोड. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर जातं. शरीर यातून ईपीए-डीएचए (माशांत मिळणारी ओमेगा-३ची रूपं) फार थोडं बनवतं. हवं असल्यास शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं.

आणि प्रथिनं? प्रौढांना दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम, वयस्कांना थोडी अधिक. कडधान्य रोज दोनदा असेल तर फार डोकं लावू नका. धान्य आणि कडधान्य एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही आली की पुरे.

९. पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूची हिरवी पानं आणि ‘प्लांट-बेस्ड’ ही जाहिरात आहे. माहिती मागे असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून पहिली तीन नावं बघा: साखर, पामतेल, परिष्कृत पीठ असेल तर ठेवून द्या. लेबलवर सोडियम दिलं असेल तर त्याला २.५ ने गुणा, मीठ कळेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम. मांसासारख्या चवीच्या तयार टिक्क्यांत यातला मोठा भाग एका जेवणात संपू शकतो. सुरुवातीला चटक भागवायला अधूनमधून खा, पण रोजचं जेवण म्हणून नको. वनस्पतिजन्य दुधांत सोया सोडलं तर बहुतेकांत प्रथिनं नावापुरतीच असतात.

१०. घरचे आणि बाहेरचे

घरातल्या सगळ्यांना बदलायला जाऊ नका. एकच स्वयंपाक ठेवा आणि मांस किंवा चीज वेगळ्या भांड्यात, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. बाहेर जाताना थोडं खाऊन निघा. एखाद्या समारंभाच्या जेवणाने एलडीएल ठरत नाही.

११. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी

एलडीएल चार ते आठ आठवड्यांत हलतं. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे ते तीन महिन्यांआधी करण्यात अर्थ नाही. रक्तदाब घरीच, सकाळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. १९९७च्या ‘डॅश’ चाचणीत फळं, भाज्या आणि कमी मेदाचं दूध असलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ने उतरला होता, तोही मिठाचं प्रमाण न बदलता. बी १२ आणि फेरिटिन वर्षातून एकदा पुरे.

अपेक्षा किती ठेवाव्यात? स्टॅनफर्डमध्ये २२ समरूप जुळ्या जोड्यांतल्या एकाला व्हीगन आणि दुसऱ्याला मिश्र आहार आठ आठवडे दिला गेला. दोन्ही आहार सकस होते, तरी व्हीगन जुळ्यांचं एलडीएल तुलनेने सुमारे १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर जास्त उतरलं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं. उपयोगी आहे, पण चमत्कार नाही.

काही आकडे आहाराला दाद देत नाहीत. लायपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तातला एलडीएलसारखा कोलेस्टेरॉलवाहक कण, बहुतांशी जनुकांवर ठरतं. एलडीएल १९०च्या वर असेल आणि कुटुंबात लवकरचा हृदयविकार असेल तर आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमियाची (जन्मतःच एलडीएल जास्त असण्याच्या विकाराची) शंका घ्यावी लागते. साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो आणि त्याला औषध लागतंच. अशा वेळी ताट नीट असूनही आकडा खाली येत नसेल तर तेल आणखी कमी करत, फळं तोडत स्वतःला छळू नका. दोन्ही अहवाल आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि औषध घेत असताना आहारही तसाच चालू ठेवा.